अस्तर धरेना

सेलूच्या बाजारामागं एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. तिच्या शेडमध्ये आता अंबाडीचे गालिचे होतात. गालिचे चौदा बायका करत आणि त्यांची संस्था सचिव म्हणून विष्णुपंत चालवत. चालवत म्हणजे बसत. यात कुणी टीका पाहू नये. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं बसून निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या ठिकाणी जाऊन तितक्याच निष्ठेनं पुन्हा बसतो, त्याला अंगात काहीतरी असावं लागतं. विष्णुपंत दहाला बसत, दीडला डबा खाण्यापुरती खुर्ची मागं घेत, दोनला ती पुन्हा पुढं घेत आणि साडेपाचला उठत. मधल्या वेळात सूचना काढत.

खुर्ची चाकांची होती, फिरती होती आणि तिची पाठ विष्णुपंतांच्या डोक्याच्याही वर जात होती. संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव हे झरीचे मोठे शेतकरी. त्यांच्या मुलानं परभणीत काढलेला कॉम्प्युटर क्लास सहा महिन्यांत आटोपला आणि त्यातून वाचलेली एकुलती एक वस्तू म्हणजे ही खुर्ची. ती त्यांनी संस्थेला देणगी दिली. बाकी शेडमध्ये बसायला जमीन होती.

घरी बसण्याची सोय नव्हती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरून आहे. विष्णुपंतांच्या पत्नी सुमंगलाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बैठकीच्या खोलीतून मोबाइलवर स्तोत्रपठणाचे वर्ग सुरू केले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पुण्यापासून दुबईपर्यंतची पोरं. पंत पहिल्या दिवशी सवयीनं मागच्या पलंगावर पेपर घेऊन बसले. सुमंगलाबाईंनी वर्ग संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मागं दिसता. मुलं हसतात."

आतल्या खोलीत आवाज जातो, स्वयंपाकघरात भांडी वाजतात, आणि माळवदावर उन्हाळ्यात त्रेचाळीस डिग्री असते. म्हणजे या पृथ्वीतलावर दहा ते पाच बसायला विष्णुपंतांना सचिवाची खुर्ची तेवढी उरली होती.

आता सूचनांकडे येऊ. विष्णुपंतांच्या आतापर्यंत एकोणतीस सूचना झाल्या होत्या आणि सगळ्या भिंतीवर होत्या. त्यातली क्रमांक चौदाची काचेच्या चौकटीत होती. तिचा इतिहास असा. दोन वर्षांमागं परभणीच्या एका प्रदर्शनात कुणी बाई संस्थेच्या गालिच्याकडे पाहून म्हणाल्या, की अंबाडी जरा निस्तेज दिसते. पंतांनी त्याच संध्याकाळी सूचना क्रमांक चौदा काढली: प्रत्येक कामगार भगिनीने वाखाची वेणी घालण्यापूर्वी हातास करडईचे तेल लावावे व ते वाखास चोळावे, जेणेकरून उत्पादनास चकाकी प्राप्त होईल. पुढच्या प्रदर्शनात संस्थेला 'आकर्षक मांडणी' या सदरात उत्तेजनार्थ तिसरं प्रमाणपत्र मिळालं. उत्तेजनार्थ एकूण तीनच होती आणि भाग घेणारे चार. पंतांनी सूचना आणि प्रमाणपत्र एकाच चौकटीत बसवून खुर्चीच्या बरोबर वर टांगलं.

बायकांनी तेल लावायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यांना बरं वाटलं, कारण वाख, म्हणजे अंबाडीचा धागा, हाताला कापतो आणि तेलानं तो मऊ पडतो. शिवाय न लावणाऱ्या बाईचं नाव फळ्यावर लिहिलं जाई.

या बायकांची म्होरकी कडूबाई. ही चारठाण्याकडची, साठीला आलेली, अंगानं वाखासारखीच कोरडी आणि चिवट. अंबाडी कुजवण्यापासून गालिच्याला पाठ लावण्यापर्यंत तिला सगळं येत होतं आणि तिला काही येतं असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पंतांच्या मते हे तिच्या अज्ञानाचं लक्षण होतं. ज्याला येतं तो बोलतो, असा त्यांचा स्वतःवरून काढलेला निष्कर्ष होता.

कडूबाईची पाठ लावायची रीत जुनी होती. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळायचे, पाण्यात शिजवून खळ करायची, तीत मोरचूद आणि कडुनिंबाचं पाणी घालायचं. गालिच्याच्या मागं ती खळ फासायची, वर गोणपाट अंथरायचं, दाभणानं कडेकडेनं आणि मधून आडवे टाके घालायचे. मग दिवसभर वजन. वजनासाठी बायका पाळीपाळीनं त्यावर बसत आणि बसल्या बसल्या पुढच्या गालिच्याची वेणी घालत. पंतांना हे पाहवत नसे. उत्पादनावर कामगारानं बसायचं, ही कुठली पद्धत? सूचना क्रमांक बावीसनं त्यांनी खळ, गोणपाट आणि बसणं, तिन्ही अवैज्ञानिक ठरवून बंद केलं. त्याच सूचनेच्या शेवटी एक ओळ होती, की यापुढे कोणतीही तांत्रिक बाब सचिवांसमोर तोंडी मांडता येणार नाही, लेखी अर्ज करावा. तेव्हापासून गालिचे बिनपाठीचेच जात. घराच्या उंबऱ्याशी टाकायला ते पुरत, आणि कुणी घसरून पडलं तर ते त्याच्या घरात पडे.

मग हॉटेल आलं. संभाजीनगरच्या रस्त्यावर एक भलंथोरलं हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या मालकाला सगळं नैसर्गिक हवं होतं. भिंतींना लाकडाचा रंग दिलेलं प्लास्टिक होतं, दारात प्लास्टिकचा बांबू होता, तेव्हा निदान पायाखाली तरी खरी वनस्पती असावी असं त्याच्या मनानं घेतलं. सभागृहासाठी अंबाडीचे चाळीस गालिचे. अट एकच: गुळगुळीत फरशीवर सरकायचे नाहीत आणि पाठ सुटायची नाही. आधी एक नमुना, मग त्यांचा माणूस येऊन पाहणार.

विष्णुपंत लगेच एका मोठ्या शहरात दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. विषय गालिच्यांचं बाँडिंग आणि बॅकिंग. पहिल्या दिवशी त्यांनी नोंदी घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी 'चिकटवण्यापूर्वी तंतूची तयारी' असं व्याख्यान होतं, पण त्याच वेळी बाहेर सहभाग प्रमाणपत्रं वाटत होते आणि रांग मोठी होती. पंतांनी प्रमाणपत्र घेतलं. येताना त्यांच्याकडे एक कापडी पिशवी, एक फाइल, रबराच्या दुधाचे दोन कॅन आणि बाँडिंग हा शब्द होता. पुढचे आठ दिवस तो शब्द शेडमध्ये माशीसारखा फिरत राहिला. चहाचा कप बशीला चिकटला तरी पंत म्हणत, हे बघा, बाँडिंग.

संस्थेची सभा झाली. व्यंकटराव नेहमीसारखे डोळे मिटून अध्यक्षस्थानी होते. पंतांनी तासभर रबराचं माहात्म्य सांगितलं आणि शेवटी, टाळ्या आल्या नाहीत म्हणून, जरा जास्तच पुढं गेले. म्हणाले, नमुन्याची पाठ सुटली तर मी सचिवपद सोडीन, याची इतिवृत्तात नोंद घ्यावी. इतिवृत्त तेच लिहीत. त्यांनी स्वतःच ती नोंद आपल्या टपोऱ्या अक्षरात घेतली आणि खाली रेघ मारली. व्यंकटरावांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच सभेत एक डोळा उघडला, पंतांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

घरी सुमंगलाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की सुटली तर तुम्ही दहा ते पाच कुठं असाल. पंत हसले. रबर हे विज्ञान आहे, म्हणाले.

पहिला नमुना अंथरला गेला. पंतांनी खुर्ची जवळ सरकवून घेतली आणि बसूनच निरीक्षण केलं. ब्रशनं रबराचं दूध गालिच्याच्या पाठीवर फासलं, अंगणात वाळत घातलं. एप्रिलचं ऊन होतं, तीन तासांत खडखडीत झालं. दुसऱ्या दिवशी पंतांनी समाधानानं कोपरा धरून उचलला, तर सगळं रबर एका अखंड तुकड्यात निघून हातात आलं, जशी वाळलेली कुरडई कागदावरून सुटावी. खालचा गालिचा जसा होता तसा होता, उलट जरा जास्तच चकाकत होता.

पंतांनी निदान केलं, थर पातळ झाला. दुसऱ्या वेळी दोन थर दिले. ते जास्त जाड निघून आले. मग निदान झालं, उष्णता कमी पडली. सेलूच्या एप्रिलला उष्णतेत कमी पडल्याचा आरोप आजवर कुणी केला नव्हता. गालिचा शेडच्या पत्र्यावर टाकला, तिथं रबर निघून तर आलंच, वर वासही आला. मग सत्यशीलाला घरून इस्त्री आणायला सांगितली. ही दहावी झालेली, बायकांतली शिकलेली. इस्त्री फिरवली आणि त्या क्षणी मात्र खरंच बाँडिंग झालं. रबर इस्त्रीला असं बसलं, की सत्यशीलाच्या नवऱ्याचे सदरे पुढं महिनाभर ठिपक्यांचे होते. पंतांनी फाइलमध्ये नोंद केली: बाँडिंगची क्षमता सिद्ध, दिशा चुकीची.

त्यानंतर सेलूच्या पाण्यावर ठपका आला. पाण्यात क्षार आहेत, ते रबराला मानवत नाहीत, म्हणून बाटलीबंद पाणी आणलं. रबर त्याही पाण्याशी प्रामाणिक राहिलं आणि सुटलं. चौदा बायका वेण्या घालता घालता हे सगळं पाहत होत्या. तोंडाला पदर होता त्यामुळं हसताना दिसत नव्हत्या. हातांना नियमाप्रमाणं तेल होतं.

पाचवा नमुना सुटला त्या दिवशी कडूबाई उठून टेबलाशी आली. म्हणाली, सायब, मला एक बोलायचं हाय. पंतांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रबराबद्दल?"

"हाव. कामून धरंना ते."

पंतांनी बोटानं भिंत दाखवली. सूचना क्रमांक बावीस, शेवटची ओळ. "तांत्रिक बाब आहे, कडूबाई. लेखी द्या."

"एका बोलण्याचं तर काम हाय."

"आज तुमचं ऐकलं तर उद्या सगळ्या बोलतील."

कडूबाईनं सत्यशीलाकडून चार ओळींचा अर्ज लिहवून घेतला, खाली सही केली, कारण सहीपुरतं तिला येत होतं, आणि अर्ज दाखल झाला. पंतांनी आवक नोंदवहीत त्याला एकसष्ट क्रमांक दिला, शिक्का मारला आणि फाइलला लावला. अर्ज सोमवारी वाचायचे आणि क्रमानं वाचायचे, ही सूचना क्रमांक आठ. क्रमांक साठचा अर्ज माठ गळतो असा होता. त्यावर पंतांनी गळतीचं स्वरूप व छिद्राचा व्यास कळवावा असा शेरा मारला होता आणि बायकांकडून व्यास आला नव्हता. साठ निकाली निघाल्याशिवाय एकसष्ट उघडणं म्हणजे अराजक. त्यामुळं गालिच्याला रबर का धरत नाही, याचं लेखी, सहीशिक्क्याचं उत्तर विष्णुपंतांच्या उजव्या कोपरापासून हातभर अंतरावर तीन सोमवार पडून होतं, आणि पंत डावीकडच्या फाइलमध्ये पाण्यातल्या क्षारांबद्दल लिहीत होते.

शेवटी हॉटेलच्या माणसाचा फोन आला. परवा येतो म्हणाला. त्या दुपारी पहिल्यांदाच पंत साडेपाचच्या आधी उठले आणि बाजारातल्या चप्पल दुरुस्तीच्या टपरीवर गेले. चपलेचे तळ चिकटवायचं सोल्युशन असतं, त्याच्या सहा ट्यूबा घेतल्या. दुसऱ्या दिवशी बायका जेवायला बसल्यावर त्यांनी सहाव्या नमुन्याच्या चारही कडांना बोटभर रुंदीनं ते सोल्युशन लावलं आणि रबराची पाठ नुसती कडांवर दाबून बसवली. मधला सगळा भाग मोकळा. यात फसवणूक आहे असं त्यांना वाटलं नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलं होतं, की तपासणीला आलेला माणूस कागदाचा कोपरा उचलून बघतो आणि खाली ठेवतो. मधलं कुणी पाहत नाही. जग कडांवर चालतं.

कडूबाईनं ट्यूबा पाहिल्या. तोंडी मांडता येत नव्हतं.

हॉटेलचा माणूस नचिकेत नावाचा निघाला. अठ्ठावीस-तीसचा, पाठीला पिशवी, बोलायला मऊ. सगळ्या बायकांना मावशी आणि पंतांना सर म्हणाला, त्यामुळं दोन्हीकडची मंडळी सावध झाली. व्यंकटरावही खास झरीहून आले होते आणि भिंतीशी टेकून डोळे मिटून बसले होते. पंतांनी चहा दिला, फाइल दिली, कार्यशाळेचं प्रमाणपत्र दिलं आणि चौकट दाखवली. नचिकेतनं सगळं पाहिलं. मग गुडघ्यावर बसून गालिच्याचा कोपरा धरला आणि जोर लावून ओढला. पाठ सुटली नाही. दुसरा कोपरा ओढला. तिथंही नाही. त्यानं मान डोलावली आणि पंतांना आपण सरकारी नोकरीत असताना जग किती नीट ओळखलं होतं याचा कृतार्थ आनंद झाला.

"छान," नचिकेत म्हणाला. "आता एक चाकांची खुर्ची मिळेल का?"

पंतांना वाटलं, बिचाऱ्याचे गुडघे दुखले असतील. पण त्याला बसायचं नव्हतं. सभागृहात लोक खुर्च्या मागंपुढं ढकलतात, म्हणून गालिचा अंथरायचा, त्यावर माणसासकट खुर्ची चाळीस वेळा फिरवायची आणि पाठ काय म्हणते ते पाहायचं, अशी त्यांची चाचणी होती. शेडमध्ये चाकांची खुर्ची एकच. तीत बसायला नचिकेतनं सत्यशीलाला बोलावलं.

इथं पंत चुकले. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्यांनी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं आणि आता पाहायची तयारी नव्हती. म्हणाले, वजनाचा माणूस हवा ना, मग मीच बसतो. सत्यशीला बसली असती तर तिचं वजन पन्नास किलो. पंतांचं ब्याऐंशी.

पंत बसले. एका बाजूनं कडूबाई, दुसऱ्या बाजूनं सत्यशीला. दोघींनी खुर्ची ढकलायला सुरुवात केली. बारा बायका वेण्या थांबवून पाहत राहिल्या. एक, दोन, तीन. पंत हात मांडीवर ठेवून समोर पाहत होते, जसं कुणी लग्नात वरातीच्या गाडीत बसावं. सातव्या खेपेला गालिच्याच्या मधोमध एक उंचवटा आला. अकराव्या खेपेला तो घोट्याइतका झाला. तेराव्या खेपेला कडेचं सोल्युशन फाटल्यासारखा आवाज झाला, चाक वळकटीत रुतलं आणि दोघींनी ढकलायचं न थांबवल्यामुळं गालिचा, खुर्ची आणि सचिव असे तिघे मिळून थेट भिंतीपर्यंत गेले. रबराची पाठ मात्र मूळ जागी फरशीवरच राहिली. नीट चौकोनी, काळीभोर. फरशीला तिनं छान धरलं होतं.

धक्क्यानं चौकट वाकडी झाली, पण पडली नाही.

नचिकेत भिंतीकडे गेला नाही. त्यानं आधी रबर उचललं, मग गालिच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि बायकांकडे वळून विचारलं, "मावशी, याला तेल लावलंय का?"

चौदाही जणी चौकटीकडे पाहायला लागल्या. नचिकेतनं त्यांच्या नजरेमागं नजर नेली, मान वाकडी करून सूचना क्रमांक चौदा वाचली आणि खाली उत्तेजनार्थ प्रमाणपत्रही वाचलं.

"मग सांगितलं का नाही कुणी? तेलकट धाग्याला रबर कसं धरेल?"

"सांगितलंय की," कडूबाई म्हणाली. "अर्ज दिलाय. एकसष्ट नंबर."

फाइल सत्यशीलानं काढून दिली. पंत भिंतीशी खुर्चीतच होते. उतरायचं की बसून राहायचं, याबद्दल त्यांचा निर्णय होत नव्हता, आणि निर्णय होत नसला की बसून राहायचं हे त्यांच्या हाडात होतं. नचिकेतनं अर्ज मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं: अंबाडीला तेल असल्यामुळं रबर धरत नाही. बिनतेलाच्या वाखाचे दोन तुकडे करून पाहण्याची परवानगी मिळावी. तेल लावायचंच असेल तर रबर आणू नये, पैसे वाया जातात. अर्जदार, कडूबाई. वर आवकचा शिक्का, तारीख आणि पंतांची टपोरी सही.

व्यंकटरावांनी एक डोळा उघडला आणि या वेळी तो उघडाच ठेवला.

नचिकेतनं घड्याळ पाहिलं. रबरात दोष नाही, तेल न लावता केलं तर धरेल, पण आता नवा वाख, नवा नमुना, इतके दिवस आपल्याकडे नाहीत, असं तो मऊपणानं म्हणाला. संस्थेच्या हातून चाळीस गालिचे गेले, हे चौदा बायकांना कळलं. तो पिशवी पाठीला लावत होता आणि लावता लावता त्याची नजर कडूबाईच्या रिकाम्या जागेवर पडली. ती खुर्ची ढकलायला उठली तेव्हा तिच्या खाली रोज असायची ती बस्कराएवढी चटई तिथंच राहिली होती.

"मावशी, ही कशाची?"

"अंबाडीची. माझी हाय, बसायची."

"पाठीला काय?"

"गोणपाट. खळ लावून शिवलेलं." मग तिनं भिंतीकडं न पाहता जोडलं, "सूचनेच्या आदीची हाय. आट वरसं झाले बसायलेय मी तिच्यावर."

त्यानं चटई उचलली, उलटी केली, कोपरा ओढला, मध्ये अंगठा घालून पाहिला. मग फरशीवर टाकली आणि खुर्ची पुन्हा आणायला सांगितली. खुर्ची आली. पंत तीत होतेच, त्यांना उतरा असं कुणी म्हणालं नाही आणि त्यांनाही सुचलं नाही. चटई लहान, त्यामुळं खेपा आखूड. चाळीस झाल्या. नचिकेतनं आणखी चाळीस सांगितल्या. पंत पुढं गेले, मागं आले, पुढं गेले, मागं आले. चटई जागची हलली नाही आणि तिची पाठ तिला सोडून कुठं गेली नाही.

नचिकेतनं किडीचं विचारलं. कडूबाईनं मोरचूद सांगितलं, कडुनिंब सांगितला. तो म्हणाला, ओल लागली तर याला वास येईल, दाराशी टाकता येणार नाही. कडूबाई म्हणाली, वल्या पायानं आत कशाला येता मंग. हे त्यानं वहीत लिहून घेतलं. मालकांना हे फार आवडेल, म्हणाला, रबर नाही, चिंचोके आहेत, पाटीच लावतील. चाळीस गालिचे असेच हवेत. बिनतेलाचे.

तो गेल्यावर व्यंकटरावांनी तिथंच सभा घेतली. दोन्ही डोळे उघडे होते. इतिवृत्ताची वही मागवली, रेघ मारलेली ओळ काढली आणि ती पंतांकडूनच वाचून घेतली. हा नमुना म्हणजे प्रयोगाचा एक टप्पा होता, पंत म्हणाले, आणि शेवटी गालिचे मंजूर झालेच आहेत, तेव्हा एकंदर पाहता ही संस्थेच्या बॅकिंगचीच...

"पंत," व्यंकटराव म्हणाले, "अक्षर तुमचंच हाय ना?"

अक्षराबद्दल पंतांना खोटं बोलता येत नव्हतं. तोच एक अभिमान खरा होता. ठराव एका मिनिटात मंजूर झाला. संस्थेच्या इतिहासात इतकं भराभर काहीच झालं नव्हतं. सचिवपद सत्यशीलाकडे गेलं. खुर्ची मात्र तिनं घेतली नाही. पुढचे गालिचे तपासायला ती लागेल, म्हणून ती कोपऱ्यात चाचणीचं साधन म्हणून ठेवली गेली. सूचना क्रमांक चौदा आणि बावीस उतरल्या. चौकटीची काच चांगली होती, ती कडूबाईनं घरी नेली.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना सुमंगलाबाईंनी मोबाइल तिवईवर लावला आणि मागच्या पलंगाकडे पाहिलं. पंतांनी पेपरची घडी केली, डबा घेतला आणि निघाले. सेलूच्या बाजारातून दोन चकरा मारल्या. एका चहाच्या टपरीच्या बाकावर बसून पाहिलं, पण तिथं लोक अर्ध्या तासानं आणखी एक चहा घ्यायला लावतात. अकराच्या सुमारास ते शेडच्या दारात उभे होते.

आत घाई चालली होती. चिंचोक्याची खळ उकळत होती, चार गालिच्यांना गोणपाट लावून झालं होतं आणि त्यांच्यावर दिवसभर वजन हवं होतं. चाळीस गालिचे करायचे तर वजन म्हणून बसायला बाई मोकळी कुठली? दाभण चालवायला हात हवेत, वाख धुवायला हवेत, जुन्या वाखाचं तेल रिठ्यानं काढायचं होतं. कडूबाईनं मान वर करून दाराकडं पाहिलं. पंत उभे होते, हातात डबा होता. तिनं बराच वेळ पाहिलं, बाजारात बैल पाहतात तसं.

मग तिनं पहिल्या गालिच्याचा मधला भाग हातानं दाखवला.

पंत आले, चप्पल काढली आणि बसले.

त्यांनी जे केलं ते इतर कुणाला जमलं नसतं. बाया बसत तेव्हा बोलत, वळत, दाभण शोधायला वाकत, मग खळ मधूनच सरके आणि तिथं फुगा राही. पंत बसले ते बसले. दीडला डबा खाल्ला, तोही न वाकता. चारला कडूबाईनं कोपरा उचलून पाहिला. असं एकसारखं धरलेलं अस्तर तिनं वर दगड न ठेवता, नुसत्या माणसाच्या वजनाखाली, कधी पाहिलं नव्हतं. तिनं सत्यशीलाला बोलावून दाखवलं.

"लय चांगलं बसतेत," ती म्हणाली. "बिलकुल हलत न्हाईत."

सहा वर्षांत शेडमध्ये कुणी विष्णुपंतांच्या कामाची स्तुती केली होती ती ही पहिली. त्यांनी तिची नोंद घेतल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते दहाला आले, दुसऱ्या गालिच्यावर बसले. चौथ्या दिवशी कंबर भरून आली, तेव्हा त्यांनी पाठीला टेकायला एक उशी मिळेल का, असं कडूबाईला विचारलं. कडूबाई दाभणात सुतळी ओवत होती.

"सचिवबाईला इचारा," ती म्हणाली. "लेखी द्यावं लागतंय."

पंतांनी बसल्या जागी, टपोऱ्या अक्षरात, अर्ज लिहिला. सत्यशीलानं शिक्का मारला आणि आवक वहीत बासष्ट क्रमांक घातला. सोमवारी घेऊ, म्हणाली, क्रमानं. एकसष्ट निकाली निघालेला आहे, पण साठ अजून बाकी आहे, माठाचा. व्यास कळवा असा शेरा आहे.

विष्णुपंत संध्याकाळी साडेपाचला उठले, माठापाशी गेले आणि चष्मा पुसून, वाकून, छिद्र शोधायला लागले.